अनुसूची एक आणि उसाचा फड

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात बिबट्याने तीन-साडेतीन आठवड्यांत तीन माणसं मारली. त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. बिबट्या मान धरतो, म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात निघालेल्या बायकांची छायाचित्रं छापून आली. त्या धगीतून एक मागणी वर आली आणि राज्य सरकारनेही ती उचलून धरली: बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधून काढून अनुसूची दोनमध्ये टाका. कायद्याने वनखात्याचे हात बांधलेत, ते मोकळे करा, असा त्यामागचा युक्तिवाद.

हात खरंच बांधलेत का? कायद्याचं ११ वं कलम सांगतं की अनुसूची एकमधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नोंदवून त्याच्या शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतात. अट एवढीच की त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे नेणं शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटली पाहिजे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी गावात फारशी कुणाला ठाऊक नसते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. पिंपरखेडमध्ये यातल्या पहिल्या तरतुदीनेच काम झालं. परवानगी निघाली, नेमबाज आले, बिबट्या मारला गेला. तो अनुसूची एकमध्ये असतानाच मारला गेला.

तरीही मागणीत काही तथ्य नाही असं म्हणून चालणार नाही. या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं. त्यामुळे पिंजऱ्यात बिबट्या धरायचा तरी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडून, नागपूरहून. आणि मुख्य वन्यजीव रक्षकांना आपले बाकीचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येतात. ५ व्या कलमाने नेमका हा एक अधिकार मात्र सोपवता येत नाही. गावात मूल गेलंय, माणसं रस्त्यावर उतरलीत आणि वनपरिक्षेत्र अधिकारी कागदाची वाट बघत उभा आहे, हे दृश्य लोकांनी पाहिलेलं असतं. राग त्यातून येतो, आणि तो राग खोटा नाही.

पण अनुसूची बदलल्यावर हा कागद वाचतो एवढंच होत नाही. अनुसूची दोनमधल्या प्राण्याला मारण्यासाठी ‘मालमत्तेला धोका’ हे कारणही पुरतं. म्हणजे शेळी नेली, वासरू नेलं तरी चालेल, आणि परवानगी खालचा अधिकृत अधिकारी देऊ शकेल. ६२ व्या कलमाखाली केंद्र सरकार अनुसूची दोनमधल्या प्राण्याला ठरावीक भागापुरतं ‘उपद्रवी’ जाहीर करू शकतं. तसं झालं की त्या भागात संरक्षणच उरत नाही. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात नीलगायींची जी सरसकट कत्तल झाली, ती याच वाटेने. शिकाऱ्याला किमान ३ वर्षांच्या तुरुंगवासाची सक्ती अनुसूची एकमधल्या प्राण्यांसाठी आहे, तीही जाईल. आणि चोरट्या बाजारात बिबट्याच्या कातडीला गिऱ्हाईक अजूनही आहे. हे सगळं करायला संसदेत मतदानसुद्धा लागत नाही. ६१ व्या कलमाखाली केंद्राची एक अधिसूचना पुरे. मला या साऱ्या वादात सर्वांत चिंतेची वाटते ती ही गोष्ट: इतका मोठा बदल इतक्या छोट्या कागदाने होऊ शकतो.

मुळात ही अनुसूची आली कुठून? मुंबई राज्याचा या बाबतीतला कायदा देशाच्या आधीचा, १९५१ चा. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा त्यात मोठा हात होता. देशपातळीवर मात्र शिकार म्हणजे पर्यटन, हा हिशेब साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू होता. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या उघड जाहिराती करत. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची परिषद भरली, वाघ संपत चालल्याची वाच्यता जगासमोर झाली. पुढच्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. १९७२ च्या गणतीत देशभरात १,८२७ वाघ भरले होते. ती गणती पायाच्या ठशांवरची, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे धरायला हरकत नाही. पण संकट खरं होतं.

पुढची वाट सरळ नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकार जवळजवळ संपली. २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं, आणि २००६ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभं राहिलं. २०२२ मध्ये अनुसूची सहावरून चारवर आल्या. या प्रत्येक टप्प्यामागे कुणी तरी पाठपुरावा केला होता, अभ्यासकांनी, निवृत्त वनाधिकाऱ्यांनी, पत्रकारांनी, न्यायालयात याचिका घेऊन जाणाऱ्यांनी. कायदा आपोआप कडक झाला नाही.

फळ मिळालं का? आकडे तरी हो म्हणतात. २००६ मध्ये महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०१८ मध्ये ३१२, २०२२ मध्ये ४४४. बिबटे २०२२ च्या अंदाजात १,९८५, म्हणजे मध्य प्रदेशानंतर देशात सर्वाधिक. यात एक मेख आहे. बिबट्यांची ही मोजणी मुख्यतः जंगलातली. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाडच्या उसातले बिबटे त्यात जवळजवळ धरलेलेच नाहीत. आणि भांडण आहे ते तिथलं.

उसातला बिबट्या जंगल तुटल्यामुळे ‘बाहेर आला’ हे वाक्य शहरातल्या प्राणिमित्रांच्या तोंडी कायम असतं. ते अर्धंच खरं आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं आणि कालवे झाले, माळरानावर बारमाही ऊस आला. दहा-बारा महिने उभा राहणारा, आत माणूस न शिरणारा, पाण्याकाठचा ऊस म्हणजे बिबट्याच्या मादीला पिलं घालायला उत्तम आडोसा. भोवती कुत्री, डुकरं, शेळ्या, कोंबड्या. या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या. सह्याद्रीचं जंगल त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांना ‘परत जंगलात’ सोडा म्हणणं म्हणजे पुण्यात जन्मलेल्या माणसाला पणजोबांच्या गावी पाठवण्यासारखं आहे.

आणि सोडून पाहिलंच की. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात धरलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याची मोहीम चालली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. बिबटे आणून सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले होते. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात बिथरलेला प्राणी जास्त धोक्याचा, हे त्यातून पुढे आलं. याउलट अकोले तालुक्यात त्यांनी कॅमेरे लावले तेव्हा दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे सापडले. मोठं जंगल नाही, हरणं नाहीत, माणसांची वस्ती दाट, आणि तरी माणसं मेलेली नव्हती. त्यांचा मुख्य घास गावातली कुत्री. याच संशोधनातला एक कॉलर लावलेला बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर चालत चालत मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. त्याच्यावर ‘आजोबा’ हा चित्रपट निघाला, म्हणून तो बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

बिबट्याच्या बाजूने झालेलं सर्वांत परिणामकारक काम मला हे वाटतं. ते मोर्चात झालं नाही, निषेधाच्या पत्रकातही झालं नाही. आधी मोजलं, मग वनखात्याला पटवलं, मग वर्तमानपत्रांना. मुंबईत २००४ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ल्यांची मालिका झाली होती. २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. पिंजरे कमी करा, कचरा उचला, रात्री पोरांना एकटं बाहेर पाठवू नका, बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नका, असल्या साध्या गोष्टी पुनःपुन्हा सांगितल्या. पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. ‘बिबट्याची दहशत’ हा मथळा हळूहळू विरळ झाला. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात आणि आसपास २०१५ च्या पाहणीत ३५ बिबटे होते, २०१८ मध्ये ४७. बिबटे वाढले, पण २००४ पुन्हा आलं नाही. आरेतले हल्ले अधूनमधून होतातच; शून्य धोका कुणी कबूल केला नव्हता.

आता दुसरी बाजू. टी-१ वाघीण, जिला नंतर ‘अवनी’ हे नाव मिळालं. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागात १३ मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. तिला मारण्याचा आदेश उच्च न्यायालयाने ग्राह्य धरला, सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती बोराटीच्या जंगलात मारली गेली. तिच्या मागावर हत्ती आणले, कुत्री आणली, सुगंधी अत्तरसुद्धा शिंपडलं. मारताना नियम पाळले गेले का, यावर व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीने गंभीर आक्षेप घेतले. ते आक्षेप रास्त होते. कायदा मारायला परवानगी देतो तेव्हा कसं मारायचं हेही सांगतो, आणि ते पाळलं जात नसेल तर न्यायालयात जावंच लागतं.

पण त्या काळातलं सार्वजनिक बोलणं आठवा. मुंबई-पुण्यात मेणबत्त्या लागल्या, बोराटीत फटाके वाजले. वाघिणीला नाव मिळालं. मेलेल्या तेरा जणांपैकी एकाचं नाव तरी आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? वाघाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी त्या महिन्यांत जे गमावलं ते वाघिणीपेक्षा जास्त होतं. शेतकरी आणि गुराखी म्हणजे पलीकडचा पक्ष, अशी मांडणी एकदा झाली की पुढच्या प्रत्येक वादात तीच फिरून येते. पिंपरखेडच्या रस्त्यावर ‘प्राणिमित्र’ हा शब्द शिवीसारखा ऐकू आला, त्याची सुरुवात बहुधा तिथे झाली.

याहून खोल जखम वनहक्कांच्या बाबतीत झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याला काही वन्यजीव संस्थांनी न्यायालयात आव्हान दिलं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्या वनवासी कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला; देशभर गदारोळ झाला आणि दोन आठवड्यांत तो थांबवावा लागला. जंगल राखणाऱ्या ग्रामसभा गडचिरोलीत, गोंदियात, अमरावतीत उभ्या राहत असताना वन्यजीवांच्या नावाने हे व्हावं, हे मला अजूनही कळत नाही. वाघाला खरं कुंपण याच लोकांचं आहे. वारली वस्त्यांतला वाघोबा आणि अकोल्याच्या महादेव कोळ्यांची वाघबारस यांचा उल्लेख करून ‘परंपरेतलं सहजीवन’ मिरवायचं, आणि त्याच लोकांच्या सातबाऱ्याविरुद्ध वकील उभा करायचा, हे जमायचं नाही.

शिवाय कायद्याला खरी कुरतड शेतकऱ्यांकडून होत नाही. ती रस्ते, खाणी, वीजवाहिन्या यांच्या फायलींतून होते. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. पूर्ण मंडळाची बैठक २०१२ नंतर थेट मार्च २०२५ मध्ये, गीरला झाली. मधल्या काळात प्रकल्पांना मंजुऱ्या देण्याचं काम स्थायी समिती करत राहिली. या आघाडीवर मात्र पर्यावरणवाद्यांची कामगिरी बरीच चांगली आहे. ताडोबाजवळच्या लोहारा कोळसाखाणीविरुद्ध २००९ मध्ये चंद्रपूरकर रस्त्यावर आले, इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले, आणि तो प्रकल्प मागे घ्यावा लागला. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंच-कान्हा पट्ट्यातून रुंद होणार होता. न्यायालयीन लढ्यानंतर त्याच्या महाराष्ट्रातल्या भागात प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग व पूल झाले, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंदीचे. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तर १८ जातींचे प्राणी ये-जा करताना दिसले, त्यांत वाघही होते. याच काळात टिपेश्वरचा एक तरुण वाघ १,३०० किलोमीटरहून जास्त भटकून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. शेतं, रस्ते, नाले ओलांडत. वाघाला केवळ राखीव जंगल पुरत नाही, वाटही लागते, हे समजावून सांगायला एवढा पुरावा पुरे.

गोव्यात दोन लढे शेजारीशेजारी झाले. मोले राष्ट्रीय उद्यानातून महामार्ग, वीजवाहिनी आणि रेल्वेचा दुसरा मार्ग नेण्याविरुद्ध २०२० मध्ये विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ एकत्र आले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. दुसरा लढा म्हादई अभयारण्याचा, आणि तो अवघड आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विष घालून मारले गेले. जनावरं मारल्याचा राग त्यामागे होता. गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ ला तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र जाहीर करायला सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, वस्त्यांचा प्रश्न पुढे केला. मला सरकारचा हेतू स्वच्छ वाटत नाही, पण त्याने पुढे केलेला प्रश्न खोटा नाही. ज्या घराची म्हैस गेली त्याला भरपाई वेळेत मिळाली असती तर विष घातलं गेलं असतं का, हे निकालपत्रात सापडणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असं नाही. युरोपात लांडगे वाढून वीस हजारांच्या वर गेले, मेंढपाळांचा दबाव वाढला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बर्न करारात लांडग्याचा दर्जा ‘कडक संरक्षित’वरून ‘संरक्षित’वर आणला गेला, पुढच्या वर्षी युरोपीय संघाने आपला कायदाही तसा बदलला. अमेरिकेत २०११ मध्ये तिथल्या संसदेने अर्थसंकल्पाच्या विधेयकाला कलम जोडून आयडाहो आणि मोंटानातले लांडगे संरक्षित यादीतून काढले. दोन्हीकडे संरक्षणाचं यश हेच ते काढून घेण्याचं कारण झालं. आपल्या अनुसूचीचा वाद याच रांगेत उभा आहे. फरक असा की तिथे मेंढ्या जातात आणि इथे माणसंही जातात. तिथल्या संघटनांचे युक्तिवाद जसेच्या तसे उचलून इथे टिकायचे नाहीत.

मग टिकेल काय? महाराष्ट्रात मृत्यूची भरपाई आता २५ लाख रुपये आहे, काही लगेच, उरलेली मुदत ठेवीत. रक्कम लहान नाही. मेलेल्या शेळीचा पंचनामा, डुकराने खाल्लेल्या पिकाचे पैसे, यांची दिरंगाई मात्र संपलेली नाही, आणि रोजचा संताप तिथे साचतो. पाच बिबट माद्यांवर नसबंदीच्या प्रयोगाला केंद्राने परवानगी दिली आहे. प्रयोग म्हणून ठीक, पण त्याने पुढच्या हंगामात एकही हल्ला कमी होणार नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबटे भरत जाणं हेही उत्तर नव्हे: उसातली एक जागा रिकामी झाली की दुसरा येतो. चंद्रपुरात प्रश्न वेगळा आहे. तिथे मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीने मारल्या. त्यांना ‘जंगलात जाऊ नका’ सांगणं सोपं आहे. मोहफुलं आणि तेंदूचा हंगाम म्हणजे त्या घरांची वर्षाची रोकड. गॅसची शेगडी देऊन सरपण कमी झालं, तेंदू कशाने कमी होणार? तोडणीच्या दिवसांत कुठल्या कंपार्टमेंटमध्ये वाघीण पिलांसह आहे हे आदल्या संध्याकाळी गावात कळलं पाहिजे, गटाबरोबर प्राथमिक कृती दलाची माणसं गेली पाहिजेत, आणि एखादा भाग बंद ठेवावा लागला तर त्या दिवसांची मजुरी वनखात्याने द्यावी.

कायद्यातही एक दुरुस्ती मागता येईल, आणि ती कायद्याच्या कैवाऱ्यांनीच मागावी असं मला वाटतं. मारण्याचा अधिकार वरच ठेवा. पिंजरा लावण्याचा आणि बेशुद्ध करण्याचा अधिकार उपवनसंरक्षकापर्यंत खाली येऊ द्या. त्यासाठी ५ व्या कलमातली एक ओळ बदलावी लागेल, अनुसूचीला हात लावावा लागणार नाही. अशी मागणी आपल्या बाजूने आधी गेली असती, तर ‘हात बांधलेत’ या वाक्याला इतका आधार मिळाला नसता.

आणि वीज. ऊसपट्ट्यात शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने येते, बऱ्याच आठवड्यांत रात्रीची. दारं धरायला माणूस बॅटरी घेऊन अंधारात उसाच्या कडेने वाकून चालतो, आणि बिबट्याच्या नजरेत वाकलेला माणूस लहान दिसतो. दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे. बिबट्याप्रवण गावांची यादी वनखात्याकडे आहे, फिडरची यादी महावितरणकडे. या दोन याद्या समोरासमोर ठेवून त्या गावांना दिवसाची पाळी आधी द्यायला दिल्लीची अधिसूचना लागत नाही.